परमुलखातली भाकरी आणि घरची खुशाली

(रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारंभात गावच्याच एका गृहस्थाने केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. मी सळया बांधणारा माणूस. स्लॅब घालण्याआधी लोखंडी सळयांची जाळी बांधतात ना, ते माझे काम. पंचवीस वर्षे मी ते काम दुबईत केले. गुरुजी म्हणाले, "दुबईची हकीगत सांगा. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरचे कोणी ना कोणी तिकडे आहे." म्हणून उभा राहिलो. चुकले तर सांभाळून घ्या.

आधी दुबई कुठे आहे ते सांगतो. आपल्या बंदरावर उभे राहून मावळतीकडे तोंड केले, की समोर अरबी समुद्र. त्याच्या पलीकडे अरबांचा मुलूख. तिथे समुद्राचा एक मोठा फाटा जमिनीत आत शिरला आहे. त्याला आपण आखात म्हणतो. त्याच्या काठावर दुबई शहर आहे. मुंबईहून विमानाने तीन तासांची वाट. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. इथे रात्रीचे साडेदहा वाजले, की तिथे नऊ वाजलेले असतात.

हे गाव आपल्याला नवे नाही. पूर्वी तिकडचे मोती मुंबईच्या बाजारात येत. इकडून तांदूळ आणि कापड जाई. १९६६ सालापर्यंत तिथल्या बाजारात आपला रुपया चालत होता. त्याच साली दुबईजवळ समुद्रात तेल सापडले. १९७१ साली आजूबाजूच्या छोट्या संस्थानांनी मिळून एक देश केला. १९७३ साली त्यांचे स्वतःचे नाणे आले. त्याचे नाव दिरहम. मग रस्ते झाले, बंदरे झाली, इमारती उठल्या. काम उदंड आणि तिथली माणसे थोडी. म्हणून बाहेरून माणसे नेली. आज दुबईत दहा माणसे मोजली, तर त्यांतली जवळपास नऊ परदेशातून आलेली निघतात. २०१० साली तिथे जगातला सर्वांत उंच बुरूज उभा राहिला. उंची ८२८ मीटर. लोक मान वर करून बघतात. आम्ही सळयावाले मात्र मनात म्हणतो, एवढ्या सळया बांधल्या त्या कुणीतरी आमच्यासारख्यांनीच.

आता माझी गोष्ट.

मी १९८९ साली गेलो. घरी आई, थोरले दादा, वहिनी, माझी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. जमीन म्हणाल तर दोन वाफे भात आणि सात कलमे. मुंबईत एक दलाल भेटला. तो म्हणाला, महिना ९०० दिरहम मिळतील. तेव्हा एका दिरहमला चार-साडेचार रुपये येत. मी बोटांवर हिशेब केला आणि हुरळून गेलो. आईच्या पाटल्या मोडल्या. कलमे गहाण टाकली. दलालाचे पैसे भरले. त्याने कागद पुढे केला. वरती इंग्रजी, खाली अरबी. मला तर मराठीही वाचता येत नव्हते. मी अंगठा केला.

तिथे पोचल्यावर कळले, कागदावर ६०० लिहिले होते. मी तक्रार करायला गेलो. तिथल्या कारकुनाने माझाच अंगठा मला दाखवला. आता काय बोलणार? पासपोर्ट कंपनीने आधीच काढून घेतला होता.

आमची खोली शहराबाहेर होती. एका खोलीत आठ माणसे. खाटेवर खाट, म्हणजे खाली एक आणि वर एक. सातारकडचा एक, केरळचे तिघे, बिहारचे दोघे, पेशावरचा एक पठाण आणि मी. सगळ्यांची भाषा मोडकी हिंदी. आज अशा कामगारांच्या मोठ्या वस्त्या अल कूझ आणि सोनापूर या भागांत आहेत. मुंबईच्या जुन्या माणसांना सोनापूर म्हणजे स्मशान ठाऊक. तिकडे मात्र ते कामगारांच्या राहण्याच्या जागेचे नाव आहे.

पहाटे चारला उठायचे. मोरीपुढे रांग. रात्रीच केलेला डबा घ्यायचा आणि बसमध्ये बसायचे. सूर्य वर आला, की सळईला हात लावता येत नसे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. समुद्र जवळ असल्याने घामाचे कपडे अंगाला चिकटून बसतात. प्यायचे पाणीसुद्धा समुद्राचेच, खार काढून गोड केलेले. संध्याकाळी परत आले, की पाळीपाळीने स्वयंपाक. खुबूस नावाची जाड रोटी विकत मिळते. ती आणि डाळ. कधी मासा मिळाला तर केरळवाला आणि मी, दोघांची चंगळ.

शुक्रवारी सुट्टी असे. त्या दिवशी कपडे धुवायचे, दाढी करायची आणि शहरात जायचे. शहराच्या मधोमध खाडी आहे. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मध्ये लाकडी होड्या चालतात. त्यांना अब्रा म्हणतात. आता त्याचे भाडे एक दिरहम आहे. त्या होडीत बसले, की मला आपल्या तरीची आठवण येई. पैसे पाठवायच्या पेढीवर जायचे, घरी ड्राफ्ट पाठवायचा, एक कप कडक चहा प्यायचा, आणि परत.

आणखी एक गंमत सांगतो. तिथे आमच्यासारख्याला 'बॅचलर' म्हणतात. म्हणजे बिनलग्नाचा. घरी बायको आहे, पोरे आहेत, तरी आम्ही बॅचलर. कारण बायकामुलांना तिकडे न्यायला पगार मोठा लागतो. आजचा नियम पाहा. महिन्याला निदान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायला घर, एवढे असेल तर कुटुंब नेता येते. सळई बांधणाऱ्याला ते कुठून जमणार? म्हणून माणूस तिकडे आणि त्याचा संसार इकडे.

हा संसार चालायचा कशावर? तेव्हा फोन आपल्या गावात नव्हता. संसार चालायचा पत्रावर. आणि मला लिहिता येत नव्हते, बायकोला वाचता येत नव्हते.

सातारकडचा आमचा सोबती सातवी शिकलेला. शुक्रवारी दुपारी तो खाटेवर बसे आणि आम्ही हिंदुस्थानी मंडळी भोवती बसत असू. मी सांगे, तो लिही. बायकोला काय लिहायचे? खोलीत सात माणसे ऐकतात. मनातले ओठावर येत नसे. मग ठरलेले शब्द. "तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी." पंधरा दिवसांनी घरचे पत्र येई. अक्षर दादांचे. "इकडे सर्व खुशाल आहे. पैसे पोचले. काळजी करू नये."

१९९० सालच्या श्रावणात असेच एक पत्र आले. सोबत्याने वाचायला घेतले आणि मध्येच थांबला. मी म्हटले, "अरे, वाच की." तो म्हणाला, "आधी पाणी पी." मी पाणी प्यालो. मग त्याने हळू आवाजात सांगितले, आई गेली. तारीख पाहिली तर सतरा दिवस झाले होते. दहावे, बारावे, तेरावे सगळे उरकले होते. त्या आधीच्या पत्रात लिहिले होते, आई खुशाल आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. काय करणार?

१९९१ साली दोन महिन्यांची रजा मिळाली. घरी आलो. मुलगी सात वर्षांची झाली होती. ती माझ्याकडे बघून आईच्या पाठीमागे लपली. रात्री तिने आईला विचारले, "हे पाहुणे परत कधी जाणार?" मी जागाच होतो. मी ऐकले.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती. मी पाठवलेले पैसे औषधपाण्यात आणि सावकाराच्या व्याजात गेले. बायको दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जात होती. मुलीचे नाव शाळेत घातलेलेच नव्हते. मी बायकोवर रागावलो. म्हटले, "एक शब्द कळवला नाहीस?" ती म्हणाली, "अहो, मी प्रत्येक वेळी सांगत होते, लिहा म्हणून. कागदावर काय उमटले, ते मला कुठे कळत होते?"

दादांना विचारले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाले, "तुला कळवून काय झाले असते? पासपोर्ट कंपनीकडे. तिकिटाला पैसा नाही. तिकडे उपाशी झोपला असतास. म्हणून खुशाल लिहीत गेलो."

मला त्यांच्यावर रागावता येईना. कारण मीही तेच केले होते. कामावर परांचीवरून पडून माझा हात मोडला होता. सहा आठवडे प्लास्टर होते. आणि मी घरी लिहिले होते, "मी इकडे खुशाल आहे." दादांनी मायेपोटी लपवले, मीही मायेपोटी लपवले. पण त्या मायेने आईची शेवटची भेट गेली आणि पोरीची दोन वर्षे गेली.

रजा संपवून परत गेलो तो मनाशी ठरवूनच. सातारकराला म्हटले, "मला अक्षर शिकव." तो म्हणाला, "तीस वर्षांचा घोडा झालास, आता शिकतोस?" पण शिकवले बिचाऱ्याने. सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर मी गिरवत असे. दिवसभर सळया वाकवणारी बोटे, पेन्सिल धरली की थरथरत. 'क' काढला तर तो सळईच्या आकड्यासारखा दिसे. खोलीतले हसायचे. पठाण मात्र कधी हसला नाही. त्यालाही वाचता येत नव्हते. सहा महिन्यांत मला नाव लिहिता आले. वर्षभरात मी मोडकेतोडके पत्र लिहू लागलो. इंग्रजी आकडे शिकलो, तेव्हा पगाराच्या कागदावरचा हिशेबही कळायला लागला. जादा कामाचे तास कमी धरले, तर मी बोट ठेवून दाखवू लागलो.

इकडे १९८८ सालापासून साक्षरतेची मोहीम सुरू झाली होती. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत वर्ग भरले. आपल्या वाडीतही कंदिलाखाली वर्ग भरला. बायको भाताची कापणी करून, भाकऱ्या थापून रात्री वर्गाला जाई. लोक म्हणत, हिला आता काय कलेक्टर व्हायचे आहे काय? ती काही बोलत नसे.

१९९३ साली मला तिच्या हातचे पहिले पत्र आले. नऊ ओळी. ओळी वर-खाली गेलेल्या. मी ते कुणाला वाचायला दिले नाही. सगळे झोपल्यावर दारातल्या दिव्याखाली एकट्याने वाचले. त्यात असे होते:

"मागच्या पडवीचे छप्पर गळते. मुलगी शाळेत जाते. तिला ताप आला होता, आता उतरला. दुकानदाराचे ४० रुपये देणे आहे. वहिनींशी माझे भांडण झाले होते, ते मिटले. तुम्ही जेवता का? तुमचा हात दुखतो का? खरे लिहा. खुशाल लिहू नका."

मंडळी, अशी शेकडो पत्रे मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली होती. पण चार वर्षांत त्या रात्री पहिल्यांदा मला वाटले, की मी घरी आहे.

त्या वेळी कंपनीने आमचा तीन महिने पगार दिला नव्हता. पूर्वी असतो तर खोलीतल्या कुणाकडून व्याजाने पैसे काढून घरी पाठवले असते. या वेळी खरे लिहिले. तिचे उत्तर आले, "कर्ज काढू नका. छप्पर पुढच्या वर्षी करू. मी कोंबड्या ठेवल्या आहेत. आमचे भागते." चौथ्या महिन्यात पगार मिळाला. त्या पगारातला एक पैसा व्याजात गेला नाही. हा एका खऱ्या पत्राचा नफा.

ती समोर बसली आहे. पदर ओढून हसते आहे. पण हे तिच्यासमोरच सांगायचे होते.

आता काळ बदलला. खिशात फोन आला. तोंड दिसते, आवाज येतो. तुम्ही म्हणाल, मग आता अक्षराची काय गरज? गरज आहे. फोनवर पोर हसते, आपण हसतो, आणि दोन्हीकडून पुन्हा तेच, "सगळे बरे आहे." खोलीत सात जण असतात. इथेही आजूबाजूला माणसे असतात. मनातली गोष्ट अजूनही लिहूनच नीट सांगता येते. फोनवर दोन ओळी लिहिल्या, तरी ते पत्रच. आणि कागद तर वाचावाच लागतो. तो फोनवर हसत नाही.

ज्यांच्या घरचे कोणी जाणार आहे, त्यांना चार गोष्टी सांगतो. मी ठेचा खाऊन शिकलो, तुम्ही ऐकून शिका.

पहिली गोष्ट दलालाची. परदेशी माणसे पाठवायला भारत सरकारचा परवाना लागतो. परवाना नंबर विचारा आणि तो खरा आहे का ते तपासून घ्या. परवानेदार दलालाला सेवेबद्दल ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. "आधी फिरायच्या व्हिसावर जा, काम मग लावू," असे कुणी म्हटले तर उठून घरी या.

दुसरी गोष्ट कागदाची. पगार किती, काम कोणते, तास किती, राहणे-जेवण कुणाचे, हे सगळे करारात लिहिलेले असते. समजेपर्यंत सही करू नका. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर शाळेच्या मास्तरांकडे जा. कराराची एक प्रत घरी ठेवा. पासपोर्टची प्रतही घरी ठेवा. कामगाराचा पासपोर्ट काढून ठेवणे हे तिकडच्या कायद्यालाही मंजूर नाही. जो दहावी पास नाही, त्याच्या जाण्यावर सरकारची तपासणी असते. ती चुकवून जाऊ नका. ती आपल्याच रक्षणासाठी आहे. त्यातच १० लाख रुपयांचा विमा मिळतो. त्याचा हप्ता काहीशे रुपयेच असतो.

तिसरी गोष्ट हक्काची. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम करून घ्यायला तिथे बंदी आहे. २००९ सालापासून पगार बँकेतून किंवा पेढीतून देण्याची पद्धत आहे, म्हणजे दिला की नाही याची नोंद राहते. वर्षाहून जास्त नोकरी झाली, की सोडताना हक्काची रक्कम मिळते. पहिल्या पाच वर्षांना दरसाल २१ दिवसांचा मूळ पगार आणि पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा. आमच्यातले कितीतरी जण हे माहीत नसल्यामुळे हात हलवत परत आले. मला मिळाले, कारण मी वाचले होते.

चौथी गोष्ट घरची. पैसे बँकेतूनच पाठवावेत. कुणाच्या पिशवीतून नको आणि हवाल्याने नको. बायकोचे नाव खात्यावर असावे. किती आले, कुठे गेले, ते तिने वहीत लिहावे. भावाभावांत संशय येतो तो पैशाने नव्हे, न लिहिलेल्या पैशाने येतो. आमच्या घरात ती वही १९९३ सालापासून आहे. दादाही तीच वही बघतात. आजवर आमच्यात वाद झाला नाही.

आणि एक लक्षात ठेवा. आमच्यासारखा कामगार तिकडे कितीही वर्षे राहो, काम संपले की परत यायचे असते. मी २०१४ साली आलो. पैसा थोडाफार आणला. घर झाले, कलमे सुटली. मुलगी उशिरा शाळेत गेली, पण बारावी झाली. ती आज अंगणवाडी चालवते. पण तिच्या लहानपणातली पंचवीस दिवाळ्या-शिमग्यांची बेरीज मला कुणी परत देणार नाही. पोट भरायला जायचे असेल त्याने जावे. मी नको म्हणत नाही. मीही त्याच भाकरीवर घर उभे केले. फक्त जाणाऱ्याने आणि राहणाऱ्याने एकमेकांपासून काही लपवू नये.

आज वर्गाच्या बायाबापड्यांना दाखले मिळणार आहेत. त्यांतल्या ज्यांचा मुलगा, नवरा, भाऊ तिकडे आहे, त्यांना माझी एक विनंती आहे. दाखला भिंतीवर लावण्याआधी आज रात्री एक पत्र लिहा. शुद्धलेखन चुकले तर चुकू द्या. घरात दुखणे असेल तर दुखणे लिहा. कर्ज असेल तर कर्ज लिहा. पोराने बक्षीस मिळवले असेल तर तेही लिहा. आणि खाली तेवढे लिहा, जे मला आमच्या घरातून आले होते: खरे लिहा, खुशाल लिहू नका.